पेठेतील पडदे

गिरगावात ‘मॅजेस्टिक’ हे नाव अद्याप लोकांच्या तोंडी आहे. मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर कोठे, असे विचारले तर वाटेवरचा कोणीही बोट दाखवील. ग्रंथप्रेमी वाचकांस मॅजेस्टिक प्रकाशन ठाऊक आहेच. केशवराव कोठावळे यांनी ज्या पुस्तकविक्रीतून या संस्थेचा प्रपंच उभा केला, ती मॅजेस्टिक सिनेमाच्या आश्रयाने सुरू झाली आणि सिनेमाचेच नाव तिने घेतले. दुकाने राहिली, ग्रंथांवरील नाव राहिले. ज्याच्यामुळे हे नाव पडले तो सिनेमा मात्र कधीच पाडला गेला. १४ मार्च १९३१ रोजी हिंदुस्थानातील पहिला बोलपट ज्या इमारतीत दाखविण्यात आला, ती हीच इमारत होती.

आपल्याकडे चित्रपटाचा इतिहास लिहिला गेला तो बहुतांशी चित्रपट काढणाऱ्यांचा. दिग्दर्शक कोण, नायिका कोण, गाणी कोणाची, याची टिपणे पुष्कळ सापडतात. पण ज्या घरांत बसून लोकांनी ते चित्रपट पाहिले, त्या घरांचा इतिहास कोणी फारसा लिहिला नाही. नाटकाच्या बाबतीत आपण इतके बेफिकीर नव्हतो. चित्रगृह हे मात्र आपण केवळ एक दुकान समजलो. दुकान उठले की पाटी बदलते, आणि पाटीबरोबर आठवणही पुसली जाते. या घरांची मोजदाद करून काय हाती लागते, ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिए बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. हॉटेलातील तो खेळ एक रुपया दराचा, म्हणजे अर्थातच साहेबलोकांचा व सधन एतद्देशीयांचा होता. परंतु थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, आणि तेथे दरांची शिडी लागली: खालचा दर चार आणे, वरचा दोन रुपये. पडदानशीन स्त्रियांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी निराळे बॉक्सही राखून ठेवण्यात आले. ही घटना आम्हांस त्या चित्रांइतकीच महत्त्वाची वाटते. चित्रे परदेशातून आली होती. चार आण्यांची जागा मात्र येथे निर्माण झाली, आणि पुढील पाऊणशे वर्षे आपल्या चित्रपटाचा सारा डोलारा त्या जागेवर उभा राहिला.

प्रारंभी या धंद्याला स्वतःचे घर नव्हते. मैदानात तंबू ठोकावा, चार दिवस खेळ करावेत आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुढच्या गावी जावे, असा तो संसार होता. नाटकगृहे भाड्याने घेऊनही खेळ होत. १९१० च्या सुमारास मुंबईत कायमची चित्रगृहे उभी राहू लागली, आणि त्यांतील बरीचशी गिरगाव, सँडहर्स्ट रोड, ग्रँट रोड या पट्ट्यात होती. याचे कारण उघड आहे. येथे नाटकगृहे आधीच होती, त्यामुळे रात्री घराबाहेर पडण्याची लोकांना सवय होती. ट्रामने येणे-जाणे सोपे होते. आणि मुख्य म्हणजे येथे चाळी होत्या. एका खोलीत सहा-सात माणसे राहणाऱ्या कुटुंबाला अंग पसरून बसावयास जागा मिळे ती घराबाहेरच. देवळाचे सभामंडप, गच्ची, चौपाटी आणि नाटकशाळा या यादीत आता चित्रगृहाची भर पडली.

या पट्ट्यातील ‘कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ’ हे नाव तर प्रत्येक मराठी माणसाने लक्षात ठेवावे असे आहे. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी तेथेच लागला. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा खास खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात झाला; पण लोकांसाठी तो खुला झाला तो ३ मे १९१३ रोजी, कॉरोनेशनमध्येच. त्या दिवशी केवळ चित्रपट नव्हता. त्याच्या जोडीला नाच, विनोदी प्रवेश आणि कसरतीचे प्रयोगही होते. केवळ पडद्याकडे पाहण्यासाठी लोक पैसे देतील, असा भरवसा धंद्याला अद्याप नव्हता. रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांना सरावलेल्या प्रेक्षकाला दीड तासाचा खेळ अपुरा वाटे. म्हणून फाळके यांनी जाहिरातीत हजारो छायाचित्रांची आणि मैलांच्या लांबीची भाषा वापरली. माल नवा असला तरी गिऱ्हाईक जुने आहे, हे त्यांनी ओळखले होते. त्या कॉरोनेशनचा आज मागमूसही नाही.

मूकपटांच्या काळात चित्रगृह मुके मुळीच नव्हते. पडद्याशेजारी पेटी व तबला घेऊन वादक बसत. प्रसंग पाहून सूर आणि ठेका बदलत. पडद्यावरील मजकूर दोन-तीन भाषांत असे. पण वाचता येणारे थोडे, म्हणून कोणी तरी तो मोठ्याने वाचून दाखवी, आणि वाचणारा रंगेल असला तर पदरची भरही घाली. खलनायकाला शिव्या पडत, देव प्रकटला की हात जोडले जात. एकच चित्रपट गिरगावात एका तऱ्हेने आणि पुण्याच्या पेठेत दुसऱ्या तऱ्हेने ‘होत’ असे. आज चित्रपट सर्वत्र एकसारखा असतो. तेव्हा तो ज्या घरात लागला त्या घराचा रंग त्याला चढे.

पुण्यात हे घर गंगाधरपंत पाठक यांनी बांधले. मंडईजवळ १९१५ साली उभे राहिलेले ‘आर्यन सिनेमा’ हे पुण्यातील देशी मालकीच्या जुन्या चित्रगृहांतील अग्रमानाचे. मंडईजवळची जागा निवडण्यात मोठी दूरदृष्टी होती. भाजी घ्यावयास सारे शहर तेथे येते. मग त्यात सदाशिव पेठ आली, कसबा आला आणि गाड्या घेऊन आलेला खेड्यातला शेतकरीही आला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी आर्यनमध्ये लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा गौरव करून त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, ती याच चित्रपटाच्या निमित्ताने. लोकमान्य त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवर्तले. चित्रपटाकडे नाक मुरडणाऱ्या तत्कालीन सुशिक्षित समाजाला या पदवीने केवढा दिलासा मिळाला असेल, याची कल्पना आज येणे कठीण आहे. मंडईतल्या चित्रगृहाची पायरी चढणे तेव्हापासून कमीपणाचे राहिले नाही.

पुढे बोलपट आला. मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला तेव्हा रस्त्यावर एवढी गर्दी लोटली की पोलिसांना बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले, असे सांगतात. काळ्या बाजाराचा धंदा तेव्हापासूनच प्रतिष्ठित झाला म्हणावयाचा! नायक होते आपले मास्टर विठ्ठल. पुढच्याच वर्षी, १९३२ च्या फेब्रुवारीत, प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी माणसाने पडद्यावर स्वतःची भाषा ऐकली. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांचे सूर त्या काळच्या कर्ण्यांतून कसे ऐकू आले असतील कोण जाणे. पण लोक भारून गेले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, आणि तो ज्या भिंतींनी ऐकला त्या भिंतीही उरल्या नाहीत. एका घटनेची दोन्ही साक्षीपुरावे इतक्या सहजी हरवलेली उदाहरणे इतिहासात थोडीच असतील.

१२ डिसेंबर १९३६ रोजी गिरगावच्या सेंट्रल सिनेमात दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ लागला. तो त्या एका चित्रगृहात ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण व्हेनिसच्या परीक्षकांपेक्षा सेंट्रलच्या ५७ आठवड्यांचे मोल आम्हांस अधिक वाटते. सिनेमा एक आठवडा चालतो तो जाहिरातीवर. वर्ष उलटून जाते ते त्याच माणसांच्या पुनःपुन्हा येण्यावर. आज आजी आली, उद्या ती शेजारणीला घेऊन आली, परवा मुंबईत आलेल्या पाहुण्याला चौपाटीबरोबर तुकारामही दाखविला गेला. हे घडण्यासाठी चित्रगृह पायी जाण्याच्या अंतरावर असावे लागते, आणि तिकीट घरखर्चातून वाचविलेल्या पैशांत बसावे लागते. विष्णुपंत पागनीसांच्या अभंगवाणीइतकेच त्या यशाचे श्रेय या दोन साध्या गोष्टींना आहे.

पुण्यात १९३४ साली घडलेली गोष्ट महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकांना विशेष जिव्हाळ्याची वाटेल. बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकाजवळ जे चित्रगृह पुढे ‘प्रभात’ म्हणून गाजले, ते मूळ इंदूरच्या सरदार किबे घराण्याचे. याच घराण्यातील माधव विनायक किबे यांनी १९२६ च्या मुंबईतील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले होते. जागा व इमारत इंदूरच्या सरदारांची, चित्रपट कोल्हापुराहून नुकत्याच पुण्यास आलेल्या कंपनीचे आणि प्रेक्षक पुण्याच्या पेठांतील, असा तो त्रिवेणी संगम होता. २१ सप्टेंबर १९३४ रोजी शांतारामबापूंच्या ‘अमृतमंथन’ने त्याचा प्रारंभ झाला. प्रभात कंपनीचा कारभार १९५३ मध्ये आटोपला. १९६० मध्ये तिच्या स्टुडिओच्या जागी चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था आली. परंतु चित्रगृहाच्या पाटीवर ‘प्रभात’ हे नाव तसेच झळकत राहिले. ऐंशी वर्षांचा भाडेकरार २०१४ च्या अखेरीस संपला, वास्तू किबे कुटुंबाकडे परत गेली, आणि ‘किबे लक्ष्मी’ या नावाने तिचा पुढला अध्याय सुरू झाला. अनेक पुणेकरांनी त्या डिसेंबरात तेथे जाऊन अखेरचा खेळ पाहिला. घर पडले नव्हते; नुसते नाव उतरणार होते, तरी माणसे हळहळली. एका नावात काय असते, असे विचारणाऱ्यास हे उत्तर पुरे आहे.

या घरांची अंतर्गत रचना कशी होती, तेही पाहिले पाहिजे. पडद्याच्या अगदी पुढे पिट. तेथे प्रथम जमीन, मग बाके. त्यामागे थर्ड, सेकंड, फर्स्ट, वर बाल्कनी, आणि काही ठिकाणी बॉक्स. स्त्रियांसाठी निराळ्या रांगा असत. ही सारी उतरंड पैशाची होती. आपल्या समाजात पंगत, पाणवठा आणि देऊळ या तिन्ही ठिकाणी माणसाला जात विचारली जाई. तिकिटाच्या खिडकीने जात विचारली नाही; ऐपत मात्र विचारली. यास समता म्हणावे असे आम्ही म्हणणार नाही, कारण चार आणेवाला आणि रुपयावाला यांची दारेही बहुधा निराळी असत. तरी पण एका छपराखाली, एकाच अंधारात, एकाच क्षणी गिरणीतला जॉबर, कचेरीतला कारकून, मंडईतली बाई आणि बाल्कनीतला वकील हसत किंवा डोळे पुसत, हा अनुभव आपल्या समाजास नवा होता. नाटकगृहाने तो थोडासा दिला. चित्रगृहाने तो स्वस्त केला आणि रोजचा केला.

पिटातील प्रेक्षक हा केवळ शिट्ट्या वाजविणारा नव्हता. मराठी चित्रपटाचे पोट त्याने भरले. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात लागला आणि सव्वाशेहून अधिक आठवडे, म्हणजे सुमारे अडीच वर्षे, तेथेच ठाण मांडून बसला. हंसा वाडकर व जयश्री गडकर यांच्या त्या तमाशापटास समीक्षकांनी काय गुण दिले, हा प्रश्न निराळा. पुण्यास कोर्टकामासाठी, बाजारासाठी, दवाखान्यासाठी आलेला खेडूत संध्याकाळच्या एस.टी.पूर्वी विजयानंदमध्ये शिरत असे. अडीच वर्षे त्या खुर्च्या भरत राहिल्या त्याचे हे एक मोठे कारण होय. शहरातील चित्रगृह भोवतालच्या मुलखाचेही असते. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ने प्रभात चित्रगृहात जो प्रदीर्घ मुक्काम केला, त्यातही बाहेरगावच्या स्त्रियांचा वाटा मोठा होता.

पडद्यामागे, किंबहुना प्रेक्षकांच्या पाठीमागे, वरच्या खोलीत जी माणसे राबत त्यांचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. हजार फूट फिल्मचे एक रीळ बोलपटाच्या गतीने जेमतेम अकरा मिनिटे पुरते. तीन तासांच्या चित्रपटास अशी सोळा-सतरा रिळे. दोन यंत्रे शेजारी शेजारी. एकावरील भाग संपत आला की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका दिसे, आणि त्या इशाऱ्यावर दुसरे यंत्र सुरू करावयाचे. प्रकाश कार्बनच्या दोन कांड्यांमधील ज्योतीचा. कांडी जळेल तशी ती पुढे सरकवीत राहावयाची, नाही तर चित्र काळवंडे आणि खाली आरडाओरडा होई. पूर्वीची फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगी पडली की भडकणारी. म्हणून त्या खोलीच्या झरोक्यांना लोखंडी झडपा असत. एकच प्रत दोन चित्रगृहांत लावली असेल तर रिळांचे डबे सायकलवर घालून एक पोऱ्या या थिएटरातून त्या थिएटरात धावे. त्याची सायकल पंक्चर झाली तर शेकडो माणसांचा नायक मध्येच थांबे! या कारागिरीची शाळा नव्हती; ती हाताखाली काम करून शिकावयाची. २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत फिल्म जाऊन संगणकीय प्रक्षेपण आले, आणि ही विद्या जाणणारी माणसे एका पिढीत निरुपयोगी ठरली.

गोव्यात चित्रगृहांच्या नावांवरूनच इतिहास वाचता येतो. सिने नॅशनल, एल कॅपितान, एल डोराडो, मेट्रोपोल ही नावे एका बाजूस. अलंकार, सम्राट, अशोक, विशांत, लता ही दुसऱ्या बाजूस. दोन राजवटींची, दोन अभिरुचींची ही रांग पणजी, म्हापसा आणि मडगाव या तीन शहरांत पसरलेली होती. कोंकणी भाषेचा पहिला चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ २४ एप्रिल १९५० रोजी म्हापशात प्रदर्शित झाला. जेरी ब्रागांझा यांनी तो काढला. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज अंमल होता आणि कोंकणीस राजदरबारी कसलेही स्थान नव्हते. जी भाषा कचेरीत चालत नव्हती ती म्हापशाच्या पडद्यावर चालली. पुढे फ्रँक फर्नांड यांचे ‘आमचें नशीब’ १९६३ मध्ये आणि ‘निर्मोण’ १९६६ मध्ये आले. ‘निर्मोण’ला राष्ट्रीय पारितोषिकांत गुणवत्ताप्रशस्ती मिळाली. लहान भाषेच्या चित्रपटास मोठे यंत्र लागत नाही. पण त्याला आपले म्हणणारे एखादे घर मात्र लागते. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय महोत्सव पणजीस आला, त्यासाठी जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात नवे झगमगीत चित्रगृहसंकुल उभे राहिले. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण जवळच जुने सिने नॅशनल दारे लावून पडून राहिले, ही गोष्ट पाहुण्यांच्या नजरेस बहुधा पडली नसेल.

बेळगावात ‘हंस टॉकीज रोड’ हा पत्ता आजही पाकिटांवर लिहिला जातो. मराठी बोलणाऱ्या गावोगावच्या वस्त्यांत अशी उदाहरणे सापडतील. रिक्षावाल्यास चित्रगृहाचे नाव सांगावे आणि उतरल्यावर तेथे बँक दिसावी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ज्यांची गावे महाराष्ट्राबाहेर राहिली, त्या मराठी कुटुंबांना शाळा, ग्रंथालय व नाट्यमंडळ यांच्याबरोबरच गावातील मराठी चित्रपट हाही भाषेचा एक धागा होता. मुंबईहून पेटी आली की त्या आठवड्यात सारी मराठी वस्ती एकमेकांस तेथे भेटे. अशा गावात चित्रगृह बंद पडले म्हणजे केवळ करमणूक गेली नाही. आपण किती जण आहोत हे डोळ्यांनी मोजण्याची एक जागा गेली.

ही घरे का मोडली? एका कारणावर खापर फोडणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि आठवड्याचा चित्रपट शेजाऱ्याच्या खोलीत दिसू लागला. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाले. पाठोपाठ व्हिडिओ कॅसेट आली. त्याच वर्षी, १८ जानेवारीस, मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. लालबाग-परळच्या चित्रगृहांचे वेळापत्रक गिरणीच्या पाळ्यांवर बेतलेले होते; भोंगे थांबले तशी त्यांची खिडकीही ओस पडली. गिरणीच्या जागेवरच वसलेले लालबागचे ‘भारतमाता’ मराठी चित्रपटांचा झेंडा धरून टिकले, परंतु जमिनीच्या वादाची टांगती तलवार त्याच्यावर वर्षानुवर्षे राहिली. १९२३ पासून लागू असलेला करमणूक कर तिकिटाच्या दरात मोठा वाटा खात आला. मालकास दुरुस्तीस पैसे उरेनात; दुरुस्ती नाही म्हणून कुटुंबे येईनात; कुटुंबे नाहीत म्हणून हलके चित्रपट लागू लागले; आणि ते लागले म्हणून उरलीसुरली कुटुंबेही तुटली. या चक्रात बरीच चित्रगृहे सापडली.

नव्या शतकाच्या आरंभी बहुपडदा संकुले आली आणि सरकारने त्यांना करात मोठ्या सवलती दिल्या. एकपडदा चित्रगृहांस तशी सवलत वेळेवर मिळाली नाही. दरम्यान शहरातील जमिनीचा भाव एवढा चढला की आठशे-हजार खुर्च्यांचे घर वर्षभर चालवून जे मिळेल, त्याच्या कित्येक पट ती जागा विकून मिळू लागले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सर्व चित्रगृहे बंद झाली; मधला थोडा काळ वगळता महाराष्ट्रात ती पुन्हा रीतसर उघडली ती २२ ऑक्टोबर २०२१ रोजी. ज्यांच्या अंगात थोडीही धुगधुगी होती त्यांतील अनेकांनी त्यानंतर दार उघडलेच नाही.

मोडलेल्या घरांचे पुढे काय झाले, याची यादी उद्बोधक आहे. सेंट्रलच्या जागी ‘सेंट्रल प्लाझा’ आला. पुण्यात आर्यन आणि मिनर्व्हा ही मंडईची दोन्ही चित्रगृहे जाऊन तेथे महापालिकेचे बहुमजली वाहनतळ झाले. एकास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव देण्यात आले, दुसऱ्यासही एका पुढाऱ्याचे नाव मिळाले. पण लोक अद्याप ‘आर्यनला गाडी लावली’, ‘मिनर्व्हात जागा नाही’ असेच म्हणतात. म्हणणाऱ्या तरुणास आर्यन ही काय वस्तू होती याची कल्पना नसते. लोकमान्यांनी ज्या स्थळी चित्रपटास राजमान्यता नव्हे, पण लोकमान्यता खासच दिली, तेथे आज स्कूटरी उभ्या राहतात. वाहनतळ निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. त्या भिंतीवर चार ओळींची एक पाटी असावी, एवढेच मागणे आहे.

या यादीत एक अपवाद आहे. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९० नंतरच्या दशकात बंद पडले होते. मालकांनी व वास्तुतज्ज्ञांनी अनेक वर्षे खपून त्याचा जीर्णोद्धार केला आणि २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले. युनेस्कोनेही पुढच्या वर्षी त्याचा गौरव केला. हे काम निःसंशय स्तुत्य आहे. पण ऑपेरा हाऊस वाचले ते त्याच्या घुमटामुळे, सज्जांमुळे, नक्षीकामामुळे. पत्र्याचे छप्पर आणि चुन्याच्या भिंती असलेल्या पेठेतील चित्रगृहास कोणता घुमट? वारसा म्हणजे सुंदर दर्शनी भाग, अशी आपली समजूत झाली आहे. आत कोण बसले, कितीदा बसले आणि बाहेर पडताना काय घेऊन गेले, हा वारसा आपण अजून मोजावयास शिकलो नाही. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तेथे चित्रपट जपले जातात. चित्रगृहे जपणारे संग्रहालय नाही.

कोणी म्हणेल, हा सारा गतकाळाचा मोह आहे. ढेकणांच्या खुर्च्या, उकाडा, विड्यांचा धूर, खिडकीवरची चेंगराचेंगरी आणि काळा बाजार यांच्या आठवणी काढून उसासे कशाला टाकावयाचे? आक्षेप रास्त आहे. नव्या संकुलात स्त्री एकटी जाऊन निर्धास्त बसते, आवाज स्पष्ट ऐकू येतो, हवा गार असते. या सुखसोयी कोणासही नकोशा नाहीत. आमचा प्रश्न एवढाच की, त्या संकुलात पिट कोठे आहे? १८९६ मध्ये नॉव्हेल्टी थिएटराने जी शिडी लावली तिची खालची पायरी आज काढून टाकण्यात आली आहे. सर्वांत स्वस्त तिकीटही मजुराच्या रोजाचा मोठा हिस्सा खाते. तो आणि त्याचे कुटुंब हातातील लहानग्या पडद्याकडे वळले आहे, आणि प्रत्येक जण आपापला चित्रपट एकट्याने पाहत आहे. मराठी चित्रपटास संध्याकाळच्या चांगल्या वेळा मिळाव्यात म्हणून २०१५ मध्ये सरकारला फर्मान काढावे लागले. ज्या भाषेचा चित्रपट विजयानंदमध्ये अडीच वर्षे आपल्या बळावर चालत होता, तिला वेळेसाठी सरकारचे दार ठोठवावे लागते, याचे कारण केवळ चित्रपटांच्या दर्जात नाही. त्या चित्रपटांचा जो हक्काचा प्रेक्षक होता, त्याची बसण्याची जागाच गेली आहे.

गेलेली घरे परत बांधता येणार नाहीत, आणि त्यासाठी आम्ही हाका मारीत नाही. नोंद मात्र करता येईल. प्रत्येक चित्रगृहास परवाना लागे. त्या परवान्याबरोबर नकाशा, खुर्च्यांची संख्या, दारांची जागा आणि दरांचे कोष्टक सादर करावे लागे. हे कागद जिल्ह्याजिल्ह्याच्या कचेऱ्यांत अजून असू शकतील, आणि रद्दीत जाण्यापूर्वी ते पाहिले पाहिजेत. जुन्या वृत्तपत्रांतील जाहिराती आहेत, हस्तपत्रके आहेत. यंत्र चालविणारे, तिकिटे फाडणारे, भिंतीएवढी चित्रे रंगविणारे यांतील काही वृद्ध अद्याप आपल्यांत आहेत. त्यांना दोन तास विचारले तर एका पेठेचा पन्नास वर्षांचा इतिहास बाहेर येईल. बेळगाव, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, पणजी, म्हापसा येथील वाचकांनी आपापल्या गावातील एकेका चित्रगृहाची अशी हकिकत लिहून काढावी: ते कोणी बांधले, पहिला चित्रपट कोणता लागला, पिटाचा दर काय होता, मराठी किंवा कोंकणी चित्रपट किती दिवस चालला, आणि आज त्या जागी काय आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणीही देईल. आधीच्या चारांची उत्तरे देणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. म्हणून आरंभ त्यांच्यापासून करावा.